खेळताना बोलायचं काय? गेम कॉमेंट्रीच्या व्हिडिओंची पार्श्वभूमी

गेम खेळताना रेकॉर्डिंग करायचं आणि त्यावर बोलायचं, असे व्हिडिओ करायला निघालेल्या नवख्याला ठरलेले सल्ले मिळतात. भाग छोटे ठेव, गप्प बसू नकोस, आवाज वेगळ्या ट्रॅकवर घे, चेहरा दाखव, एकाच गेमवर चॅनल उभं करू नकोस. हे सल्ले आले कुठून, ते मात्र कोणी सांगत नाही. यातल्या प्रत्येकामागे कोणाची तरी अडचण आहे किंवा कोणीतरी खाल्लेला फटका आहे. काही अडचणी केव्हाच संपल्या, तरी सल्ला तसाच फिरतो आहे. कुठला धरायचा आणि कुठला सोडायचा हे ठरवायचं तर मागची हकीकत माहीत हवी.

सुरुवात घरातूनच करतो. माझ्या भाच्याने दहावीच्या सुट्टीत पहिला व्हिडिओ केला आणि मला दाखवला. भुताच्या वाड्यातून फिरण्याचा गेम. "आता मी डावीकडे जातोय. आता मी दार उघडतोय. इथे पेटी आहे, पेटी उघडतोय." मागे पंख्याची घरघर सलग, आणि चौथ्या मिनिटाला स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी. पंखा बंद करता येतो, कुकर उतरेपर्यंत थांबता येतं. बोलण्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता.

आपल्याकडे धावत्या समालोचनाची परंपरा जुनी आहे. रणजी खेळलेल्या बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीतलं क्रिकेट समालोचन घराघरांत नेलं. ऐकणाऱ्याला मैदान दिसत नसे. गोलंदाज कुठून धावत आला, चेंडू कुठे गेला, हे सगळं समालोचकाच्या तोंडून कळायचं. भाचा नकळत तेच करत होता. पण गेमच्या व्हिडिओत दार उघडलेलं सगळ्यांनाच दिसतं. तिथे सांगायचं ते न दिसणारं: दारापाशी आपण का थांबलो, मागच्या वेळी इथेच कसे मेलो, कोपऱ्यातल्या त्या आवाजाने पोटात का गोळा आला. या प्रकाराचा सगळा इतिहास म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी या एका प्रश्नाला दिलेली उत्तरं आहेत.

आणि त्यातलं पहिलं उत्तर व्हिडिओत दिलेलं नाहीच. २००५-०६ च्या सुमारास समथिंग ऑफुल या अमेरिकी संकेतस्थळावर लोक एखादा जुना गेम खेळत, पडद्याची चित्रं टाकत आणि खाली मजकूर लिहीत. पुढे काय करू, असं वाचणाऱ्यांना विचारत आणि त्यांच्या मतावर चालत. "चला, खेळू या" अशा अर्थाच्या 'लेट्स प्ले' या नावाने हा प्रकार रुजला. त्यातली 'बोटमर्डर्ड' ही गाथा अजूनही वाचली जाते. गेम होता 'ड्वार्फ फोर्ट्रेस'. त्याच्या पडद्यावर तेव्हा नुसती अक्षरं आणि चिन्हं दिसत. प्रत्येक खेळाडूने बुटक्यांच्या किल्ल्यावर गेममधलं एक वर्ष राज्य करायचं आणि सेव्ह फाइल पुढच्याच्या हवाली करायची. आधीच्याने करून ठेवलेले घोळ पुढच्याने निस्तरायचे, हत्तींच्या धाडी परतवायच्या आणि आपल्या कारकिर्दीचा वृत्तांत लिहायचा. पडद्यावर एका अक्षरापलीकडे काही नसताना वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिसाळलेला हत्ती उभा राहतो, तो निव्वळ सांगणाऱ्याच्या जोरावर. माईक विकत घेण्याआधी नवख्याने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

जानेवारी २००७ मध्ये 'स्लोबीफ' या नावाने लिहिणाऱ्या मायकेल सॉयरने 'द इमॉर्टल' हा १९९० चा गेम खेळतानाचा व्हिडिओ केला आणि त्यावर आपला आवाज दिला. आवाज असलेला पहिला लेट्स प्ले म्हणून साधारणपणे याचंच नाव घेतलं जातं. हा गेम कमालीचा निर्दय. पाऊल चुकलं की सापळ्यात मरण. खेळणाऱ्याला सापळे ठाऊक होते, बघणाऱ्याला नव्हते, आणि या अंतरातच बोलण्याला भरपूर जागा होती.

तिथूनच दोन वाटा फुटल्या. एक, गेम पाठ असलेल्याने वाटाड्या होऊन खेळवायचं. दुसरी, पहिल्यांदाच खेळताना जे वाटेल ते तिथल्या तिथे बोलायचं. याला 'ब्लाइंड' म्हणतात. दोन्ही चांगल्या. पण पाठ असलेला गेम पहिल्यांदा खेळतोय असा आव आणणं हा नवख्यांचा नेहमीचा मोह आहे, आणि तो बघणाऱ्याला दहा मिनिटांत कळतो. कोणत्या वाटेने जाणार हे पहिल्या भागात सांगून टाकावं. समथिंग ऑफुलच्या मंडळींमध्ये आणखी एक चांगली रीत होती: मालिका सुरू करण्याआधी छोटा नमुना जाणत्यांना ऐकवायचा आणि त्यांचे बोल खाऊन सुधारायचं.

जपानमध्ये हेच बीज टीव्हीवर पडलं होतं. फुजी टीव्हीवर नोव्हेंबर २००३ मध्ये 'गेमसेंटर सीएक्स' सुरू झालं. विनोदी कलाकार शिन्या आरिनो कंपनीचा गणवेश घालून 'सेक्शन चीफ'च्या भूमिकेत बसतो आणि जुना अवघड गेम दिवसभरात संपवायचा प्रयत्न करतो. खेळण्यात तो काही तरबेज नाही. तासन् तास एकाच ठिकाणी अडकतो, कपाळावर ताप उतरवायची थंड पट्टी चिकटवतो, फळ्यावर नकाशे काढतो. अगदीच हात टेकले की साहाय्यक दिग्दर्शक मदतीला येतो. लोक जिंकणं बघायला येत नव्हते, धडपड बघायला येत होते. "मी एवढा काही भारी खेळत नाही, मग माझा व्हिडिओ कोण बघणार?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आरिनोचं उदाहरण देतो. डिसेंबर २००६ मध्ये निकोनिको हे जपानी व्हिडिओ संकेतस्थळ सुरू झालं. तिथे प्रेक्षकांचे शेरे व्हिडिओवरूनच सरकत जातात. खेळता खेळता बोलण्याला तिथे 'जिक्क्यो' म्हणतात, आणि तो शब्द मूळचा खेळांच्या थेट समालोचनाचाच आहे.

आता भाग छोटे ठेवण्याबद्दल. यूट्यूबने मार्च २००६ मध्ये व्हिडिओला दहा मिनिटांची मर्यादा घातली. ती जुलै २०१० मध्ये पंधरा मिनिटांवर गेली आणि त्या वर्षअखेरीपासून हळूहळू सुटत गेली. चाळीस-चाळीस भागांच्या मालिका, प्रत्येक भागाच्या तोंडी "नमस्कार, आपण पुन्हा भेटतोय", हे सगळं त्या मर्यादेतून आलेलं आहे. आज अशी सक्ती नाही. भाग तिथे तोडावा जिथे गोष्ट श्वास घेते, म्हणजे एखादा टप्पा संपला, मोठा शत्रू पडला, निर्णयाची वेळ आली. घड्याळ बघून तोडू नये.

वेगळ्या ट्रॅकचा सल्ला मात्र आजही शंभर टक्के खरा. त्या काळात संगणकावर गेम रेकॉर्ड करायला 'फ्रॅप्स' हे सॉफ्टवेअर चाले. फुकट आवृत्तीत तीस सेकंदांचंच रेकॉर्डिंग, त्यावर संकेतस्थळाचं नाव, आणि फाइल एवढ्या अवाढव्य की हार्ड डिस्क बघता बघता भरायची. गेमचा आणि माणसाचा आवाज एकदा एकत्र झाला की नंतर सोडवता येत नसे, म्हणून जाणती मंडळी आपला आवाज ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा घेत आणि एडिट करताना जुळवत. २०१२ मध्ये ओबीएस हे रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर आलं. आता त्यात माईक एका ट्रॅकवर आणि गेम दुसऱ्यावर ठेवता येतो. गेमचा आवाज एवढा खाली घ्यावा की डोळे मिटून ऐकलं तरी तुमचा शब्द न् शब्द कळला पाहिजे. माईक तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला ठेवावा. मराठीत फ, भ, ध, ठ यांना श्वासाचा जोर लागतो. माईक थेट ओठांसमोर असेल तर "भयंकर फटका" म्हणताच स्पीकरमधून धाड धाड हवा येते. आधी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून हेडफोन लावून ऐकायचं, मगच बसायचं.

सप्टेंबर २०१० मध्ये 'अम्नेशिया: द डार्क डिसेंट' आला आणि कॉमेंट्रीचा सूरच बदलला. या भयकथेत हातात शस्त्र नसतं. लपायचं आणि पळायचं, एवढंच. साहजिकच खेळणाऱ्याची भीती हाच बघण्याचा विषय झाला. फेलिक्स शेलबर्ग हा स्वीडनचा तरुण 'प्यूडीपाय' या नावाने असे गेम खेळत, कोपऱ्यातल्या चौकटीत स्वतःचा चेहरा दाखवत, किंचाळत ऑगस्ट २०१३ मध्ये यूट्यूबवर सर्वाधिक सबस्क्रायबर असलेला माणूस झाला. पाठोपाठ चेहरा दाखवायचा आणि ओरडायचं हा जणू नियमच झाला. त्या गेमला ते ओरडणं शोभत होतं. शेतीच्या शांत गेमवर तोच आरडाओरडा ऐकला की मला वाईट वाटतं, कारण करणाऱ्याची मेहनत दिसत असते. आणि चेहऱ्याचं म्हणाल तर 'टोटल गेमिंग' या भारतीय यूट्यूब चॅनलचा अज्जू भाई २०२३ पर्यंत चेहरा न दाखवता नुसत्या आवाजावर कोट्यवधी सबस्क्रायबर मिळवून बसला होता. लाजऱ्या मुलामुलींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

"गप्प बसू नकोस" याला जोर आला तो थेट प्रक्षेपणामुळे. गेमच्या थेट प्रक्षेपणाचं ट्विच हे संकेतस्थळ जून २०११ मध्ये सुरू झालं, ऑगस्ट २०१४ मध्ये अॅमेझॉनने ते ९७ कोटी डॉलरना घेतलं. थेट प्रक्षेपणात केव्हाही नवा माणूस येऊन टपकतो. त्याला शांतता मिळाली तर तो निघून जातो. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला हा नियम जसाच्या तसा लावू नये. कथेतला संवाद चालू असताना त्यावर बोलत राहणं हा तर दोष आहे. तिथे गप्प बसावं आणि संवाद संपल्यावर बोलावं.

कायद्याची बाजू नवखे सगळ्यात शेवटी बघतात. मे २०१३ मध्ये निन्टेंडो या जपानी गेम कंपनीने आपल्या गेमच्या व्हिडिओंवर हक्क सांगायला सुरुवात केली आणि जाहिरातीचे पैसे कंपनीकडे वळले. २०१५ मध्ये वाटणीची योजना आली, २०१८ च्या अखेरीस ती बंद झाली. त्या जागी आलेल्या नियमांत एक गोष्ट स्पष्ट आहे: व्हिडिओत तुमची स्वतःची भर हवी, मग ती कॉमेंट्री असो वा आणखी काही, नुसता गेम चढवणं चालणार नाही. २०१७ मध्ये अॅटलस या कंपनीने आपल्या 'पर्सोना ५' या गेमच्या कथेतल्या ठरावीक तारखेपुढचा भाग दाखवू नका असं बजावलं आणि टीका झाल्यावर ती तारीख पुढे सरकवली. जपानमध्ये तर २०२३ मध्ये कथाप्रधान गेमचे व्हिडिओ शेवटासकट टाकल्याबद्दल एका माणसाला अटक झाली आणि दोन वर्षांची, पण स्थगित, कैद सुनावली गेली. म्हणून गेम निवडताना कंपनीचे व्हिडिओविषयक नियम वाचावेत. बऱ्याच कंपन्या ते आपल्या संकेतस्थळावर देतात. गेममधल्या गाण्यांचे हक्क अनेकदा तिसऱ्याच कोणाकडे असतात, त्यामुळे गेमला परवानगी असूनही गाण्यावरून दावा येऊ शकतो.

आपल्याकडची हकीकत निराळी आहे, कारण ती मोबाइलवर घडली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि २०१८ मध्ये पबजी मोबाइल. संगणक नसलेल्या लाखो मुलांच्या हातात गेमही आला आणि कॅमेराही. मुंबईच्या नमन माथूरसारखे, 'मॉर्टल' या नावाने खेळणारे, याच लाटेत पुढे आले. पण अँड्रॉइड १० येईपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, रेकॉर्डिंगच्या अॅपला गेमचा आतला आवाज सरळ घेण्याची सोय नव्हती, आणि माईक एका वेळी एकाच अॅपला मिळे. गेममध्ये मित्रांशी बोलायचं तर रेकॉर्डिंगला आवाज नाही. त्या काळातल्या व्हिडिओंत गेमचा आवाज स्पीकरमधून बाहेर पडून माईकमध्ये शिरलेला, डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो. तेव्हाच्या पोरांनी त्यातून वाट काढली, याचं मला फार कौतुक आहे.

मग २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ अॅपवर बंदी घातली आणि त्यात पबजी मोबाइल गेला. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) होऊन परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा स्टोअरमधून निघाला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. फ्री फायर या दुसऱ्या मोबाइल गेमवर फेब्रुवारी २०२२ मध्ये गदा आली. एकाच गेमवर उभी असलेली चॅनल रात्रीतून रिकामी पडली. एका गेमवर विसंबू नका हा सल्ला इथे अनुभवातून आलेला आहे. आणखी एक: ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमबरोबर त्यांच्या जाहिरातींवरही बंदी आली. छोट्या चॅनलला अशी 'ऑफर' आली तर सरळ नाही म्हणावं. बाकी कोणाचेही पैसे किंवा भेटवस्तू घेतल्या असतील, तर व्हिडिओत ते उघड सांगायचं.

भारतात ही कॉमेंट्री मुख्यतः हिंदीत वाढली. मराठीत बोलावं की नाही, हा प्रश्न भाच्यानेही विचारला. मी त्याला एवढंच म्हटलं, की मित्रांबरोबर खेळताना ज्या भाषेत ओरडतोस तीच वापर. दुसऱ्या व्हिडिओत पंखा बंद होता, कपाळावर घाम होता. त्याच दारापाशी तो थांबला आणि म्हणाला, "ए, थांब थांब. मगाशी इथेच गचकलो होतो मी. आतून काहीतरी घासत येतं ना, ते ऐका." आणि मग पाच-सहा सेकंद तो काहीच बोलला नाही.