घाट

घाट : डोंगर चढून जाण्याची वळणावळणाची वाट आणि नदीत उतरण्यासाठी बांधलेल्या पायऱ्या, असे दोन प्रमुख अर्थ असलेला मराठी पुल्लिंगी शब्द. संस्कृत ‘घट्ट’ हे त्याचे पूर्वरूप असून त्याचा अर्थ नदीकाठची उतरण्याची जागा असा होतो. त्यामुळे पाण्याशी निगडित अर्थ आधीचा आणि डोंगराचा नंतरचा मानणे योग्य ठरते. कन्नडमध्ये ‘घट्ट’ म्हणजे डोंगररांग, तर तेलुगूत ‘गट्टु’ हा शब्द काठ, बांध आणि टेकडी या तिन्हींसाठी चालतो. म्हणूनच काही अभ्यासक या शब्दाचे मूळ द्राविडी मानतात. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा नांदणाऱ्या सोलापुरात ही सगळी रूपे आजही शेजारीशेजारी ऐकू येतात.

सोलापूर जिल्ह्यात दोन्ही अर्थ रूढ आहेत. पंढरपुरात घाट म्हणजे चंद्रभागेकडे उतरणारा महाद्वार घाट किंवा त्याच्या आसपासचे इतर घाट. बार्शीकडे मात्र या शब्दासरशी बालाघाट आठवतो. भीमा आणि गोदावरी यांची खोरी वेगळी करणाऱ्या या रांगेच्या नावातील ‘बाला’ हा फार्सी शब्द असून त्याचा अर्थ ‘वरचा’ असा आहे. वऱ्हाडातही बालाघाट आणि पायनघाट, म्हणजे वरचा व खालचा प्रदेश, अशी जोडी रूढ होती.

घाट आणि खिंड यांतील भेद काटेकोरपणे पाळावयास हवा : खिंड ही डोंगरातील फट, तर घाट हा चढ-उताराचा संपूर्ण मार्ग. सातवाहनकालीन शिलालेखामुळे प्रसिद्ध असलेला नाणेघाट, तसेच बोरघाट आणि थळघाट ही मार्गांचीच नावे होत. पुढे युरोपीयांनी वाटेचे हे नाव सुमारे १,६०० किमी. लांबीच्या अख्ख्या पर्वतरांगेला दिले व ‘पश्चिम घाट’ ही संज्ञा रुळली. तथापि ‘सह्याद्री’ हे जुने नाव मराठीत अधिक नेमके आहे. घाटाचे महत्त्व सोलापूरने व्यापारातही अनुभवले. लोहमार्ग सोलापुरास १८६० मध्ये पोहोचला, पण बोरघाटातील चढाचा मार्ग १८६३ मध्ये खुला होईपर्यंत मुंबईशी सलग रेल्वेजोडणी नव्हती.

घाटावरच्या माणसाला कोकणात व मुंबईत ‘घाटी’ म्हणतात आणि त्यात बहुधा हेटाळणी असते.

भांड्याचा घाट, घाटदार बांधा, लग्नाचा घाट घालणे यांतील ‘घाट’ मात्र ‘घट्’ (घडणे, जुळवणे) या धातूशी संबंधित असून तो वेगळा शब्द आहे.