कुलगुरू, कुलसचिव व विद्यापीठीय प्रशासक (ठाणे–नवी मुंबई)

विद्यापीठाच्या शैक्षणिक व प्रशासकीय कारभाराची अंतिम जबाबदारी ज्याच्यावर असते त्या पदाधिकाऱ्यास कुलगुरू म्हणतात. त्याच्या जोडीला प्र-कुलगुरू, कुलसचिव, विद्याशाखांचे अधिष्ठाते, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी आणि उपपरिसरांचे (मुख्य आवाराबाहेरील शाखांचे) संचालक अशी अधिकारपदांची उतरंड असते. या पदांवर येणाऱ्या व्यक्तींची पूर्वपीठिका, शिक्षण आणि सेवामार्ग हा या नोंदीचा विषय आहे. ठाणे जिल्ह्यातील बहुसंख्य महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने येथील प्रशासकांचा इतिहास मुंबई विद्यापीठाच्या इतिहासाचाच भाग ठरतो. नवी मुंबईत मात्र एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून अभिमत विद्यापीठे (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या स्वतंत्र संस्था) उभी राहिल्यामुळे दुसरा, बराच वेगळा सेवामार्ग तयार झाला.

संज्ञा : या पदांच्या मराठी नावांविषयी बराच घोळ आढळतो आणि तो केवळ भाषिक नाही. मराठीत ‘कुलपती’ म्हणजे विद्यापीठाचे नामधारी प्रमुख, राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांच्या बाबतीत राज्यपाल. आणि ‘कुलगुरू’ म्हणजे प्रत्यक्ष कारभार पाहणारा प्रमुख. हिंदीत हीच जोडी दीर्घकाळ ‘कुलाधिपति’ आणि ‘कुलपति’ अशी चालत आली. त्यामुळे हिंदी वृत्तातील ‘कुलपति’ मराठीत जसाच्या तसा उतरवला, तर कुलगुरूंचे वक्तव्य राज्यपालांच्या नावावर जमा होते. अशी चूक अनुवादित मजकुरात आजही होते. गुजरात विद्यापीठ या १९२० साली महात्मा गांधींनी स्थापिलेल्या संस्थेत तिसरीच व्यवस्था आहे. तेथे ‘कुलपति’ हा मराठीप्रमाणेच सर्वोच्च प्रमुख असून कार्यकारी प्रमुखास ‘कुलनायक’ म्हणतात.

संस्कृतातील मूळ अर्थ पाहता हिंदीचा प्रयोग अधिक जवळचा वाटतो. दहा हजार मुनींचे अन्नदानादींनी पोषण करून जो त्यांना अध्यापन करतो तो कुलपती, अशी व्याख्या टीकाकार देतात. म्हणजे कुलपती हा मानाचा नव्हे, तर राबता प्रमुख होता. कालिदासाच्या शाकुंतलात कण्वास आणि रघुवंशाच्या पहिल्या सर्गात वसिष्ठास हीच संज्ञा लावलेली आहे. वसिष्ठ हा एकाच वेळी आश्रमाचा कुलपती आणि रघुकुलाचा गुरू आहे, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. मराठी ‘कुलगुरू’चा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. राजकुलाचा गुरू हा अर्थ घेतला, तर राज्यपाल राजाच्या स्थानी आणि कुलगुरू त्याच्या उपाध्यायाच्या स्थानी बसतो. गुरुकुलातील ‘कुल’ घेतले, तर कुलगुरू हा विद्याकुलाचा ज्येष्ठ आचार्य ठरतो. पदाचे आजचे स्वरूप पाहता दुसरा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो, कारण पहिल्या अर्थात विद्यापीठाची स्वायत्तता आपोआप गौण ठरते. मराठी राज्यकारभारातील पदनामांचे प्रमाणीकरण मुख्यतः १९६० नंतर, भाषा संचालनालयाच्या स्थापनेपासून झाले; ‘कुलगुरू’ हा शब्द त्याआधीच लेखनात रुळला असावा.

अलीकडे उलटा प्रवास घडला आहे. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये आणि राजस्थानाने २०२५ मध्ये आपल्या विद्यापीठांतील ‘कुलपति’ हे नाव बदलून ‘कुलगुरु’ केले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठानेही २०२५ मध्ये तेच नाव स्वीकारले आणि त्यामागे ‘पती’ या शब्दातील लिंगवाचकता टाळण्याचा हेतू असल्याचे सांगण्यात आले. मराठीत ही अडचण कुलगुरुपदापुरती कधीच नव्हती. कुलपतिपदापुरती ती आजही आहे. लेखनाबाबत एक बारकावा : शब्द एकटा असताना ‘कुलगुरू’ दीर्घान्त, पण समासाचे पूर्वपद झाल्यावर ‘कुलगुरुपद’ असे ऱ्हस्व लिहिणे नियमाला धरून आहे.

इतिहास : कोलकाता, मुंबई व मद्रास ही तिन्ही विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे आणि परीक्षा घेऊन पदवी देण्याचे काम विद्यापीठाचे, अशी ही विभागणी होती. त्यामुळे कुलगुरुपद मानद व अंशकालिक राहिले आणि ते बहुधा न्यायाधीशाकडे जाई. तिन्ही विद्यापीठांचे पहिले कुलगुरू आपापल्या इलाख्यातील सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश होते : कोलकात्यास जेम्स विल्यम कोल्व्हिल, मद्रासला ख्रिस्तोफर रॉलिन्सन आणि मुंबईस विल्यम यार्डली. परीक्षकांची निवड, निकालांतील नि:पक्षपातीपणा आणि कायद्याचे वाचन या तीन गोष्टींना महत्त्व असल्याने ही निवड त्या काळी स्वाभाविक मानली गेली असावी.

मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग हेही उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. १८९२ मध्ये त्यांची नेमणूक झाली आणि पुढच्याच वर्षी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर आलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे आयुष्यभर अध्यापन व संशोधन केलेले गृहस्थ. या पदावर व्यासंगी अध्यापक बसण्याची परंपरा येथून धरावी लागते. परंतु न्यायालयाशी असलेला धागा तुटला नाही. पुढे कुलगुरू झालेले धर्मशास्त्राचे इतिहासकार पांडुरंग वामन काणे हे व्यवसायाने वकील होते, आणि भारताचे सरन्यायाधीशपद भूषवून निवृत्त झालेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी १९६६ नंतर मुंबईचे कुलगुरुपद स्वीकारले. त्यांच्यानंतरचे त्र्यं. कृ. टोपे हे विधिशिक्षणाच्या क्षेत्रातून आलेले होते.

स्वातंत्र्योत्तर काळात पार्श्वभूमीचा पट रुंदावला. अर्थमंत्री राहिलेले जॉन मथाई, विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर, समाजशास्त्रज्ञ मा. स. गोरे, अर्थशास्त्रज्ञ भालचंद्र मुणगेकर अशी ही मालिका आहे. मेहरू बेंगाली या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला कुलगुरू होत. १९९५ मध्ये आलेल्या स्नेहलता देशमुख या बालशल्यचिकित्सक असून त्याआधी शीव येथील लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता होत्या. महापालिकेचे मोठे रुग्णालय चालवण्याचा अनुभव हा विद्यापीठ चालवण्याची पूर्वतयारी ठरू शकतो, हे त्यांच्या नेमणुकीने दाखवून दिले.

ठाणे जिल्हा व प्राचार्यांची वाट : ठाणे जिल्ह्यास स्वतःचे सार्वजनिक विद्यापीठ नाही. येथून विद्यापीठाच्या वरिष्ठ प्रशासनात जाण्याचा मार्ग त्यामुळे मुख्यतः महाविद्यालयाच्या प्राचार्यपदातून जातो. विद्या प्रसारक मंडळ ही ठाण्यातील संस्था १९३५ ची. तिची जोशी-बेडेकर महाविद्यालय व बांदोडकर विज्ञान महाविद्यालय ही अनुक्रमे १९६९ व १९७६ मध्ये सुरू झाली. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे. अशा महाविद्यालयांतील अध्यापक प्रथम विषयाच्या अभ्यासमंडळावर, मग विद्यापरिषदेवर (ॲकॅडेमिक कौन्सिल) किंवा अधिसभेवर (सिनेट) निवडून अथवा नामनिर्देशनाने जातो, संलग्नतेच्या चौकशी समित्यांवर काम करतो, आणि प्राचार्य झाल्यावर व्यवस्थापन परिषदेपर्यंत पोहोचतो. ही सर्व पदे बिनपगारी किंवा अल्प मानधनाची असतात; पण विद्यापीठ कसे चालते याचे शिक्षण येथेच मिळते. बिर्ला महाविद्यालयाचे प्राचार्य नरेश चंद्र पुढे मुंबई विद्यापीठाचे प्र-कुलगुरू झाले, हे या मार्गाचे जिल्ह्यातील ठळक उदाहरण आहे. मुंबई शहरातही हीच वाट दिसते : राम जोशी व सुहास पेडणेकर हे दोघेही कुलगुरू होण्यापूर्वी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पेडणेकरांच्या काळात प्र-कुलगुरू असलेले रवींद्र कुलकर्णी हे संशोधक-प्राध्यापक २०२३ मध्ये कुलगुरू झाले.

प्राचार्यांची ही वाट आता अरुंद होत चालली आहे आणि त्याचे कारण पात्रतेच्या नियमांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० व २०१८ च्या विनियमांनुसार कुलगुरुपदासाठी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षांचा, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासकीय संस्थेतील तेवढाच अनुभव लागतो, आणि शोध समितीने तीन ते पाच नावे सुचवावी लागतात. संलग्न महाविद्यालयात दीर्घकाळ प्राध्यापकपदच नव्हते. तेथील अध्यापक सहयोगी प्राध्यापक म्हणून निवृत्त होत. त्यामुळे तीस वर्षे शिकवून पंधरा वर्षे प्राचार्य राहिलेल्या व्यक्तीच्या पात्रतेवरही प्रश्न उपस्थित होऊ शकतो. हा निकष संशोधनाला न्याय देतो, पण पाचशेहून अधिक संलग्न महाविद्यालये सांभाळणाऱ्या विद्यापीठात महाविद्यालयीन प्रशासनाच्या अनुभवाला कमी लेखतो, असे प्रस्तुत नोंदकर्त्यास वाटते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये गुजरातमधील सरदार पटेल विद्यापीठाच्या प्रकरणात आयोगाच्या विनियमांविरुद्ध झालेली कुलगुरूंची नेमणूक रद्द केल्यापासून राज्यांना या निकषांतून पळवाट राहिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्रसृत केलेल्या मसुद्यात उद्योग, लोकप्रशासन व सार्वजनिक धोरण या क्षेत्रांतील वरिष्ठांनाही हे पद खुले करण्याचा प्रस्ताव होता. त्यावर अनेक राज्यांनी आक्षेप नोंदवले.

महाराष्ट्रात नेमणुकीचा आधार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा आहे. तो १ मार्च २०१७ पासून अमलात आला. कुलगुरूंचा कार्यकाळ पाच वर्षांचा किंवा वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंतचा, यांपैकी जे आधी येईल तो असतो. शोध समितीने सुचवलेल्या नावांतून कुलपती निवड करतात. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या सुधारणा विधेयकात ही नावे राज्य शासनामार्फत कुलपतींकडे पाठवण्याची आणि उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना प्र-कुलपती करण्याची तरतूद होती. सत्तांतरानंतर ते विधेयक मागे घेण्यात आले.

कुलसचिव : विद्यापीठाचे अभिलेख, मोहोर, करार व न्यायालयीन प्रकरणे कुलसचिवाच्या ताब्यात असतात, आणि अधिसभा व व्यवस्थापन परिषदेचा तो सचिव असतो. कुलगुरू बदलतात तेव्हा विद्यापीठाची स्मृती याच कार्यालयात राहते, म्हणून हे पद पहिल्यापासून पगारी होते. येथे येण्याच्या दोन वाटा आहेत. एक आतली : सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, कुलसचिव. दुसरी अध्यापनातली. आयोगाच्या निकषानुसार पंधरा वर्षांचा प्रशासकीय अनुभव आणि त्यांपैकी आठ वर्षे उपकुलसचिव वा तत्सम पदावर, किंवा त्या तोडीचा अध्यापन व शैक्षणिक प्रशासनाचा अनुभव लागतो. आतल्या वाटेने आलेल्यास परिनियम (विद्यापीठाचे अंतर्गत नियम) तोंडपाठ असतात. अध्यापनातून आलेल्यास विभागांची नड कळते. पद रिकामे असताना ‘प्रभारी’ नेमण्याची पद्धत महाराष्ट्रात फार बोकाळली आहे, आणि प्रभारी अधिकारी दूरगामी निर्णयावर सही करण्यास सहसा धजत नाही.

परीक्षा विभागाच्या संचालकपदाचे महत्त्व २०१७ मध्ये साऱ्यांच्या ध्यानात आले. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावर मूल्यांकन सर्वत्र लागू केले, निकाल कित्येक महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. ठाणे, कल्याण, वाशी येथील हजारो पदवीधरांचे पुढील प्रवेश त्यात अडकले होते.

उपपरिसर : मुंबई विद्यापीठाचे ठाण्यात बाळकुम येथे आणि कल्याणमध्ये उपपरिसर आहेत. २०१६ च्या अधिनियमाने उपपरिसराच्या संचालकास अधिकाऱ्याचा दर्जा दिला. तो स्थानिक विद्यार्थ्यास सर्वांत जवळचा विद्यापीठीय अधिकारी असला, तरी महत्त्वाचे निर्णय अद्याप फोर्ट व कालिना येथेच होतात.

नवी मुंबई : नेरूळचे डी. वाय. पाटील विद्यापीठ २००२ मध्ये आणि कामोठे येथील एमजीएम आरोग्यविज्ञान संस्था २००६ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. येथे कुलपती राज्यपाल नसतात. ते पद संस्था चालवणाऱ्या न्यासाकडून भरले जाते. म्हणजे सार्वजनिक विद्यापीठात जे पद नामधारी, ते येथे मालकीच्या व गुंतवणुकीच्या निर्णयांशी जोडलेले असते. या संस्थांचा गाभा वैद्यकीय शिक्षणाचा असल्याने वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठातापद हा कुलगुरुपदाकडे जाणारा टप्पा ठरला. येथे ‘अधिष्ठाता’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवणे आवश्यक आहे : वैद्यकीय महाविद्यालयात तो संस्थेचा प्रमुख असतो, तर सार्वजनिक विद्यापीठात चार विद्याशाखांपैकी एकीचा. शासकीय वा महापालिका रुग्णालयातून निवृत्त झालेले ज्येष्ठ चिकित्सक आणि सार्वजनिक विद्यापीठांतील माजी पदाधिकारी यांना या संस्थांत दुसरी कारकीर्द मिळते.

नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात सिडकोने आखलेल्या एज्युसिटीसाठी जून २०२५ मध्ये ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व इटलीतील एक अभिकल्प (डिझाइन) संस्था अशा पाच परदेशी संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांच्या प्रमुखास ‘व्हाइस चान्सेलर’ म्हणत असल्याने ‘कुलगुरू’ हा प्रतिशब्द त्यांना लागू पडतो. अमेरिकी विद्यापीठाचा प्रमुख मात्र ‘प्रेसिडेंट’ असतो, आणि त्यास ‘अध्यक्ष’ म्हटले तर मराठी वाचकाच्या मनात संस्थाचालक उभा राहतो.