हजार सीसीच्या इंजिनाला टर्बो कशासाठी? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

‘बाराशे सीसीच्या जागी हजार सीसीचे इंजिन देऊन कंपनी वर जास्त पैसे का घेते?’ हा प्रश्न नवी गाडी घेतलेले ग्राहक आमच्या गॅरेजमध्ये नेहमी विचारतात.

साध्या इंजिनात पिस्टन ओढून घेईल तेवढीच हवा जाते आणि हवेच्या प्रमाणातच पेट्रोल जळते. टर्बोमध्ये सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या तप्त वायूंच्या झोताने एक छोटे चक्र फिरते, तर त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. मारुतीच्या फ्रॉंक्समध्ये ११९७ सीसीचे साधे इंजिन ११३ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे चाके फिरवण्याचा जोर) देते; ९९८ सीसीचे टर्बो इंजिन १४७.६ देते, तेही इंजिनाच्या मिनिटाला २००० फेऱ्यांपासूनच. पाच माणसे बसवून, एसी चालू ठेवून तुळजापूरचा घाट चढताना हा फरक कळतो.

कंपन्यांची कारणे मात्र घाटापुरती नाहीत. विकलेल्या सर्व गाड्यांचे सरासरी कार्बन उत्सर्जन मर्यादेत ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर २०१७-१८ पासून आहे. शिवाय चार मीटरच्या आतील, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो, त्यापुढच्या गाडीला ४० टक्के; म्हणून इंजिन छोटे ठेवून टर्बोने ताकद वाढवणे कंपन्यांना सोयीचे पडते. डिझेल गाड्यांत टर्बो कितीतरी आधीच रुळला होता.

मायलेज वाढते, पण पाय हलका असेल तरच. सतत दाबून चालवल्यास हेच इंजिन जास्त पेट्रोल पिते, हे आम्ही गाडी घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगतो.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. उघडलेल्या टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवल्यावर खडखडला आणि आत जळलेल्या ऑइलचा काळा थर दिसला, तर ऑइल वेळेवर बदललेले नाही, असा आमचा पहिला संशय असतो. म्हणून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल वापरावे आणि ते मुदतीत बदलावे. सोलापूरच्या धुळीत एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच तपासून घ्यावा. मे महिन्याच्या उन्हात पुण्याहून वेगाने आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर तशीच चालू ठेवावी, म्हणजे फिरत्या ऑइलने तापलेला टर्बो थंडावतो.

शिट्टीसारखा आवाज वाढला किंवा सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला, तर लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी गाडी आम्हाला दाखवावी.