लीडर आणि टिपेट

गळाच्या मासेमारीत मुख्य दोरी आणि गरी यांच्यामध्ये बांधतात तो वेगळा तुकडा म्हणजे लीडर. फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे बनावट माशीच्या आमिषाने करायच्या मासेमारीत, लीडर टोकाकडे निमुळता होत जातो आणि त्याच्या शेवटच्या बारीक तुकड्याला टिपेट म्हणतात. माशी टिपेटलाच बांधतात. माशी बदलली की दर वेळी टिपेट बोटभर आखूड होते. फार आखूड झाले की नवे जोडायचे, म्हणजे महागडा लीडर शाबूत राहतो.

टिपेटची जाडी ‘एक्स’ या मापात सांगतात आणि ते उलटे चालते: आकडा मोठा, दोरी बारीक. ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की व्यास इंचाच्या हजाराव्या भागांत मिळतो. त्यामुळे ५एक्स म्हणजे ०.००६ इंच, सुमारे ०.१५ मिमी. मात्र एक्स जाडी सांगतो, ताकद नव्हे. एकाच जाडीच्या दोन कंपन्यांच्या दोऱ्या वेगवेगळ्या वजनाला तुटतात. म्हणून रिळावरचा किलो-पौंडांचा आकडा वाचलेला बरा.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. भारतात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा भागांत सापडतो. गोव्याच्या कोमट नद्यांत तो तगणार नाही. तलावात पाणी वाहत नसल्याने ट्राउटला माशी न्याहाळायला सवड मिळते. म्हणून तिथे ९ ते १५ फुटी लीडर आणि ४एक्स-५एक्स टिपेट वापरतात. वाऱ्याने पाणी खळबळले की एक-दोन नंबर जाड दोरी खपून जाते. बुडत्या दोरीवर मोठी माशी ओढायची असेल तर लीडर आखूड आणि टिपेट २एक्स-३एक्स, कारण मासा धावत येऊन झडप घालतो आणि बारीक दोरी त्या हिसक्यालाच तुटते.

दोरी नायलॉनची की फ्लोरोकार्बनची, हा वाद संपणारा नाही. फ्लोरोकार्बनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचे माप) १.४२, म्हणजे पाण्याच्या १.३३ च्या जवळ. तो पाण्यात कमी दिसतो, बुडतो आणि घासले तरी टिकतो. नायलॉन पाणी शोषून थोडे नरम पडते, पण हलके असल्याने तरंगत्या माशीला तेच बरे.

गोव्यात हिशेब पार वेगळा. मांडवी, झुआरी, शापोरा यांच्या खाड्यांत आणि खाजनांच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनींच्या) मानशींपाशी, म्हणजे पाण्याच्या दारांपाशी, चोणक (जिताडा) आणि तामसो (खारफुटीतला तांबडा स्नॅपर) हे मासे गरवणाऱ्याला पाणी बहुधा गढूळच मिळते. माशाच्या नजरेची धास्ती कमी, दोरी कापली जाण्याची जास्त. मानशीच्या दगडांवर कालवे चिकटलेली असतात. चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी धारदार असते. तामसो गरी लागताच खारफुटीच्या मुळांत घुसतो आणि त्याचे सुळेही कमी नाहीत. त्यामुळे मुख्य दोरी २०-३० पौंडी ब्रेडची (विणलेल्या धाग्यांची) असली तरी पुढे हातभर-दोन हात ४० ते ६० पौंडी लीडर बांधतात. इसवणासाठी (सुरमईसाठी) तारेचा तुकडा लागतो. नुसता लीडर तो दातांनी सहज तोडतो. इथे बारीक लीडरची हौस करणारा बहुतेकदा गरीसकट मासा घालवतो.

खाऱ्या पाण्यातल्या फ्लाय फिशिंगमध्येही हीच विभागणी दिसते: मापाचे, म्हणजे ठरावीक ताकदीचे, बारीक टिपेट आणि त्याच्या पुढे माशीपाशी दात-घर्षण सोसणारे जाड शॉक टिपेट. विक्रम नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत मापाचे टिपेट किमान १५ इंच असावे लागते आणि शॉक टिपेट १२ इंचांहून लांब चालत नाही. नाहीतर विक्रम बारीक टिपेटच्या नावावर आणि झुंज जाड दोरीवर, असे झाले असते.

ताकद सर्वांत आधी गाठीत जाते. गाठ ओढण्यापूर्वी थुंकीने ओली करतात, कारण कोरडी ओढल्यास घर्षणाच्या उष्णतेने दोरी कमजोर होते. वाऱ्यात फेकताना लीडरवर आपोआप पडणारी साधी गाठ ताकद जवळजवळ निम्म्यावर आणते. प्रत्येक माशानंतर, आणि खाडीत तर गरी दगडाला अडकून सुटल्यावरही, लीडरचा शेवटचा हातभर भाग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून ओढून पाहतात. नखाला कुठे खरखर लागली की त्याच्या वर कापून पुन्हा बांधतात.