टेलिमार्केटिंगचे नियमन, भारतातील

वस्तू वा सेवा विकण्यासाठी संभाव्य ग्राहकाला फोन किंवा एसएमएस करण्याच्या व्यवसायावरील नियमांची चौकट. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) हे नियम करते आणि त्यांची अंमलबजावणी मोबाइल व दूरध्वनी कंपन्यांमार्फत होते.

या नियमनाचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल एकमत नाही. सर्वसाधारणपणे ट्रायचे जून २००७ चे विनियम आणि त्याच वर्षी सुरू झालेली राष्ट्रीय ‘डू नॉट कॉल’ नोंदवही हा आरंभ मानला जातो. काही जण तो मागे, सर्वोच्च न्यायालयात २००५ च्या सुमारास दाखल झालेल्या जनहित याचिकेपर्यंत नेतात. रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डांविषयीच्या नोव्हेंबर २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत बँकांना अशी नोंदवही ठेवण्यास सांगितले होते. तेव्हा कल्पनेचा उगम बँकिंग क्षेत्रात आणि सर्वांना लागू होणाऱ्या बंधनाचा २००७ मध्ये, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ज्याला फोन नकोत त्याने नाव नोंदवायचे, ही २००७ ची पद्धत फारशी परिणामकारक ठरली नाही. डिसेंबर २०१० चे विनियम अनेकदा लांबणीवर पडून २७ सप्टेंबर २०११ पासून पूर्णपणे लागू झाले. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारी क्रमांकमाला त्यांतूनच रूढ झाली.

सध्या लागू आहेत ते १९ जुलै २०१८ चे ‘दूरसंचार व्यापारी संप्रेषण ग्राहक प्राधान्य विनियम’. त्यांनुसार प्रेषकांच्या आणि संमतीच्या नोंदी, तसेच संदेशांचे ठरीव मजकूर दूरसंचार कंपन्यांच्या सामायिक डिजिटल खातेवहीत (व्यवहारात ‘डीएलटी’) राहतात. ग्राहकाला १९०९ या क्रमांकावर सर्व जाहिराती बंद करता येतात, किंवा बँकिंग व विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य अशा आठ वर्गांपैकी हवे तेवढेच चालू ठेवता येतात. वार, वेळ आणि संपर्काचा प्रकारही त्याला निवडता येतो.

लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न ‘टेलिमार्केटर कोण’ हा आहे. कॉल सेंटर चालवणाऱ्या कंपन्यांपुरतेच हे नियम आहेत, असा समज दुकानदार, शिकवणीचालक, विमा प्रतिनिधी यांच्यात आढळतो; तो चुकीचा आहे. विनियम व्यवसायाचा आकार पाहत नाहीत, संपर्काचा हेतू पाहतात. स्वतःच्या दहा अंकी मोबाइलवरून, नोंदणी न करता जाहिरातीचे फोन करणारा एकटा माणूसही ‘अनोंदणीकृत टेलिमार्केटर’ ठरतो. व्यवसायाने आधी दूरसंचार कंपनीकडे प्रेषक म्हणून नोंदणी करावी, क्रमांकांची यादी ग्राहकांच्या पसंतीशी ताडून घ्यावी (‘स्क्रबिंग’) आणि मगच १४० मालेतून फोन करावा, असा क्रम आहे. सेवा व व्यवहारविषयक फोनसाठी १६०० माला आहे. विकत घेतलेल्या यादीमुळे संमती मिळत नाही. संमती त्या ग्राहकाने त्या व्यवसायाला दिलेली असावी लागते.

फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने हे सर्व अधिक कडक केले. पसंती नोंदवलेली नसली तरी अनोंदणीकृत प्रेषकाविरुद्ध तक्रार करता येते आणि ती करण्याची मुदत ३ दिवसांवरून ७ दिवसांवर आली. पूर्वी ७ दिवसांत १० तक्रारी झाल्यावर कारवाई होई. आता १० दिवसांत ५ तक्रारी पुरेशा आहेत. पहिल्या उल्लंघनाला सर्व जोडण्यांची जावक सेवा १५ दिवस बंद होते, पुन्हा घडल्यास सर्व कंपन्यांकडील जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात. एकाच क्रमांकावर ऑर्डरी घेणाऱ्या व्यावसायिकाला ही शिक्षा दंडापेक्षा जड जाते. चालू व्यवहारापुरती दिलेली संमती ७ दिवसच टिकते आणि नकार दिलेल्या ग्राहकाकडे ९० दिवस पुन्हा संमती मागता येत नाही.

व्यक्तीचा फोन क्रमांक डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्याही कक्षेत येतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत.