क्रिएटरच्या पानावर ‘मु. पो.’ला जागा का नाही?

वरुड-मोर्शीकडच्या एखाद्या बागायतदाराचा संत्र्यावरच्या फवारणीचा व्हिडिओ चालला की खाली हा प्रश्न येतोच : ‘कोन्या गावचे व्हय भाऊ?’ औषध कोणते, प्रमाण किती, हे त्यानंतर. जमीन कशी आणि पाणी किती, हे गावाच्या नावावरूनच कळते, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. प्रोफाइल उघडून पाहिली तर फोटो आहे, आकडे आहेत, ‘डिजिटल क्रिएटर’ असा शिक्का आहे. गाव नाही. तालुक्याच्या ठिकाणी फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करून देणाऱ्या पोरांकडे ‘आयडी नीट करून दे’ म्हणत लोक येतात, त्यामागे बऱ्याचदा ही रिकामी जागा असते.

ती पहिल्यापासून रिकामी नव्हती. ऑर्कुट आणि सुरुवातीचे फेसबुक ओळखीच्या माणसांसाठी होते. तिथे मूळ गाव, शाळा हे सगळे विचारले जाई. २००७ च्या नोव्हेंबरात फेसबुकने दुकानदार, कलाकार वगैरेंसाठी वेगळी ‘पेज’ काढली. माणसाची प्रोफाइल एकीकडे, धंद्याचे पेज दुसरीकडे. २०११ मध्ये टाइमलाइन आली आणि वर आडवा कव्हर फोटो आला. आपल्या खेड्यांत मात्र यातले फार थोडे पोचले. पोचले ते सप्टेंबर २०१६ नंतर, जिओचे सिम हाती आल्यावर. मग जून २०२० च्या अखेरीस टिकटॉक बंद झाले. पुढच्या तीन महिन्यांत भारतात इन्स्टाग्रामचे रील्स आणि यूट्यूबचे शॉर्ट्स आले, आणि टिकटॉकवर गाजलेल्यांना ओळख शून्यापासून उभी करावी लागली.

आता त्या शिक्क्याबद्दल. फेसबुकने डिसेंबर २०२१ मध्ये ‘प्रोफेशनल मोड’ जाहीर केला; भारतात तो नंतर आला. तीन टिंबांवर बोट ठेवायचे, एक बटण दाबायचे, की जुन्याच प्रोफाइलवर ‘डिजिटल क्रिएटर’ उमटते. पाच हजार मित्रांच्या मर्यादेत अडकलेल्याला फॉलोअर घेता येतात, कमाईची आशा दिसते. पण २००७ मध्ये आखलेली माणूस आणि दुकान यांच्यातली रेघ इथेच पुसली गेली. भाच्याच्या बारशाचे फोटो आणि तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीचा व्हिडिओ एकाच पानावर, एकाच रांगेत. बाजू घ्यायचीच तर हा निर्णय नव्या माणसाच्या सोयीचा होता, कारण दुसरे पेज सांभाळायला वेळ कोणाला आहे? पण पानाच्या मांडणीचा त्याने विचका केला. नवखा प्रेक्षक आणि सख्खा मावसभाऊ दोघांना एकच दार, आणि ते दोघांपैकी कोणासाठीच नीट बसवलेले नाही.

शब्दाचा घोळ वेगळाच. वर्तमानपत्रे ‘आशयनिर्माता’ लिहितात. ‘निर्माता’ म्हटले की झाडीपट्टीत, म्हणजे वडसा वगैरे पूर्व विदर्भाच्या भागात, नाटकाला पैसा लावणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘उत्पादक’ म्हणावे तर तो कापूस उत्पादक नाहीतर संत्रा उत्पादक. आधीच बुक झालेला शब्द. गावात क्रिएटर कोणी म्हणत नाही. ‘रीलवाला’ म्हणतात, ‘यूट्यूबर’ म्हणतात, आणि खाते, प्रोफाइल, पेज, चॅनल या सगळ्यांना मिळून एकच शब्द : आयडी. ‘माह्या आयडीवर जाऊन पाय ना.’ चार वेगळ्या पानांचे चार वेगळे नियम असतात हे त्या एका शब्दात बुडून जाते; मग यूट्यूबसाठी केलेला आडवा बॅनर जसाच्या तसा फेसबुकवर चढवला जातो आणि मोबाइल नंबरचे शेवटचे दोन आकडे कापले जातात.

अक्षरांचीही अडचण आहे. इन्स्टाग्रामचे युजरनेम रोमन लिपीतच घ्यावे लागते. वर्धा, वाशीम, वणी, वरोरा, वरुड हे सगळे इंग्रजी पाट्यांवर डब्ल्यूने सुरू होतात, पण ‘वऱ्हाडी’ लिहिताना अर्धे लोक व्ही घालतात. शोधणारा एका अक्षराने चुकतो आणि भलत्याच्या पानावर पोचतो. बायोला, म्हणजे नावाखालच्या ओळखीला, १५० अक्षरे मिळतात, पण काना, मात्रा, पाय मोडणारे चिन्ह, सगळे वेगळे मोजले जाते. ‘कास्तकार’ आपल्या लेखी चार अक्षरी शब्द. यंत्राच्या हिशेबात आठ. ‘मु. पो., ता., जि.’ लिहिता लिहिताच बरीच जागा जाते. इन्स्टाग्रामवर ‘या खात्याविषयी’ हा भाग २०१८ मध्ये आला, सुरुवातीला मोठ्या खात्यांपुरता. त्यात ठिकाण म्हणून दिसतो तो देश. भारत! तेवढे आम्हालाही माहीत होते.

जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरच्या चौकोनी चौकटी उभ्या केल्या. जुन्या चौकोनी पोस्टच्या दोन्ही बाजू छाटल्या गेल्या. ज्यांनी काठापर्यंत ठळक मराठी मथळे लिहून ठेवले होते, त्यांच्या ‘सोयाबीन’चे ‘याबी’ झाले. उभे फोटो आणि रील टाकणाऱ्यांना हा बदल बरा वाटला, हेही खरे. फ्लेक्सवाल्या पोरांना मात्र काम मिळाले : शब्द मधोमध, दोन ओळींत, कडेला मोकळी जागा.

गावाची सोय लोकांनी स्वतःच लावली. जून २०२२ पासून इन्स्टाग्रामवर तीन पोस्ट वर टाचून ठेवता येतात. वडसा भागात नाटकाच्या पत्रकावर असते तसे सगळे एका चित्रात घालून ते पहिल्या जागी टाचले जाते : वर नाव, मग काय करतो ते, खाली मु. पो., तालुका, जिल्हा, आणि सगळ्यात मोठ्या टायपात मोबाइल नंबर. दुसऱ्या जागी बहुधा बैलजोडी.