आमदारांचे मूळ व्यवसाय (महाराष्ट्र)

निवडून येण्यापूर्वी, आमदारकी चालू असताना आणि ती गेल्यावर राज्यातील लोकप्रतिनिधी पोटापाण्यासाठी जे काम करतात, ते या नोंदीत पाहावयाचे आहे. ‘ते मूळचे वकील’, ‘हे मूळचे मास्तर’ असे गावोगाव बोलले जाते, त्यातला हा ‘मूळचे’ शब्द महत्त्वाचा आहे. आमदारकी ही नोकरी नव्हे आणि कायद्याच्या दृष्टीने पेशाही नव्हे. २५ वर्षे पूर्ण झालेला, मतदारयादीत नाव असलेला कोणीही नागरिक विधानसभा लढवू शकतो. त्याला शिक्षणाची वा अनुभवाची अट नाही. म्हणून विधानसभेच्या २८८ आणि विधान परिषदेच्या ७८ जागांवर बॅरिस्टर आणि पानटपरीवाला शेजारी बसू शकतात, आणि प्रत्यक्षात तसे बसलेही आहेत.

राज्याचे मुख्यमंत्रिपद भूषविणाऱ्यांकडे पाहिले तरी ही विविधता कळते. मा. सां. कन्नमवार यांनी गरिबीच्या दिवसांत चंद्रपुरात वर्तमानपत्रे विकली होती. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या सत्र न्यायालयात पट्टेवाला म्हणून लागले, पुढे पोलीस खात्यात फौजदार झाले, नोकरी सोडून १९७४ मध्ये करमाळ्याची पोटनिवडणूक जिंकून विधानसभेत आले. पृथ्वीराज चव्हाण अमेरिकेत शिकलेले अभियंता. उद्धव ठाकरे छायाचित्रकार, गडकिल्ल्यांची हवाई छायाचित्रे ही त्यांची ओळख. एकनाथ शिंदे यांनी ठाण्यात रिक्षा चालवली.

शपथपत्रातील रकाना

आज उमेदवाराच्या व्यवसायाची अधिकृत नोंद सापडते ती उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर मालमत्ता, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणे जाहीर करणे बंधनकारक झाले. २०१८ च्या निकालानंतर स्वतःच्या व जोडीदाराच्या उत्पन्नाचा स्रोतही द्यावा लागतो. हे कागद निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. नोटरीच्या शिक्क्याखाली, पानोपानी सही केलेल्या या शपथपत्रात व्यवसायाचा रकाना जेमतेम एका ओळीचा असतो, आणि तिथे वारंवार दिसणारे शब्द म्हणजे ‘शेती’, ‘शेती व व्यापार’, ‘शेती व समाजसेवा’.

‘शेती’ या एका शब्दात फार वेगवेगळी माणसे सामावलेली असतात. एक जण खरोखर पहाटे उठून मोटर चालू करायला बांधावर जातो. दुसऱ्याचे नाव फक्त सातबाऱ्यावर असते आणि जमीन भाऊ किंवा वाटेकरी कसतो. तिसरा साखर कारखान्याचा चेअरमन असतो. तिघांनीही लिहिलेले खोटे नसते. शेती लिहिण्याला व्यवहारी कारणेही आहेत. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, आणि कूळकायद्यानुसार शेतजमीन खरेदी करायची तर घेणारा सर्वसाधारणपणे शेतकरी असावा लागतो. शिवाय ग्रामीण मतदारासमोर ‘मी शेतकऱ्याचा पोरगा’ म्हणण्यासारखी दुसरी ओळख नाही. त्यामुळे केवळ हा रकाना मोजून काढलेले निष्कर्ष जपून वाचावेत. माणूस काय करतो हे त्या शब्दापेक्षा खालच्या कर्जाच्या, भागभांडवलाच्या आणि भागीदारीच्या रकान्यांवरून जास्त कळते.

वकील आणि मास्तर

स्वातंत्र्यपूर्व मुंबई प्रांतापासून विधिमंडळात वकिलांचा भरणा राहिला. १९३७ मध्ये प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) झालेले बाळासाहेब खेर सॉलिसिटर होते, आणि त्याच वर्षी निवडून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर. १ मे १९६० रोजी राज्य झाल्यावर पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे कऱ्हाडला वकिली केलेले. पुसदचे वसंतराव नाईक आणि नांदेडचे शंकरराव चव्हाण हेही कायदा शिकलेले. १९८० ते १९८३ या काळात अ. र. अंतुले आणि बाबासाहेब भोसले असे दोन बॅरिस्टर लागोपाठ मुख्यमंत्री झाले. विरोधी बाकांवरही हेच चित्र होते. पनवेलचे दि. बा. पाटील, धाराशिवचे उद्धवराव पाटील, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्षाची ही मोठी नावे वकिलांचीच. प्रतिभाताई पाटील जळगावच्या न्यायालयात वकिली करत होत्या. १९६२ मध्ये त्या आमदार झाल्या आणि पुढे राष्ट्रपती.

वकिलीच का, याचे उत्तर तालुक्याच्या कोर्टात उभे राहिले की मिळते. जमिनीचा वाद, बांधाचे भांडण, कूळ, वारस, जामीन या कामांसाठी तालुक्यातल्या गावागावांतली माणसे वकिलाच्या ओट्यावर येतात. दहा वर्षे वकिली केलेल्याला प्रत्येक गावातली दोन-चार घरे नावानिशी माहीत असतात, आणि बोलण्याची सवय झालेली असते. अधिवेशनाला जायचे तर तारीख मागून घेता येते, कज्जे ज्युनिअरकडे सोपवता येतात. निवडणूक हरली तरी सनद हातात असते. पडेल उमेदवाराला दुसऱ्या दिवशी कामावर जाता येणे ही साधी गोष्ट नाही. ज्याला ते जमत नाही तो पुढल्या पाच वर्षांत कोणाच्या तरी उपकाराखाली येतो. आमदाराने वकिली करावी की नाही हा वादही न्यायालयात गेला होता. आमदार-खासदारांना वकिली करण्यास मनाई नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला.

शिक्षकांची परंपराही तितकीच जुनी आहे. आचार्य अत्रे पुण्यात मुख्याध्यापक होते. लेखक आणि संपादक म्हणून नाव झाल्यावर, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५७ मध्ये ते मुंबईतून आमदार झाले. एन. डी. पाटील रयत शिक्षण संस्थेत प्राध्यापक होते. मंत्री झाल्यावरही लोक त्यांना ‘सर’ म्हणत. सोलापूरच्या नरसय्या आडम यांच्या नावामागचे ‘मास्तर’ तर त्यांच्या आडनावाचाच भाग बनले आहे.

मनोहर जोशी यांच्या ‘सर’ या संबोधनामागे एक पूर्ण कहाणी आहे. रायगड जिल्ह्यातल्या नांदवी गावचा हा मुलगा माधुकरी मागून शिकला, मुंबई महापालिकेत कारकून म्हणून लागला, आणि १९६१ मध्ये नोकरी सोडून त्याने दादरला कोहिनूर क्लासेस काढले. वीजतंत्री, नळजोडणी, रेडिओ दुरुस्ती असे हाताला काम देणारे अभ्यासक्रम तिथे शिकवले जात. पदवी नसलेल्या मराठी मुलाने मुंबईत तग कसा धरायचा, हा शिवसेनेचा १९६६ नंतरचा प्रश्न जोशी सरांच्या वर्गात आधीच विचारला गेला होता. १९९५ मध्ये ते मुख्यमंत्री झाले तेव्हाही शिवसैनिकांच्या तोंडी ‘साहेब’ हा शब्द बाळासाहेब ठाकरे यांच्यासाठी राखीव होता. जोशी ‘सर’च राहिले.

डॉक्टरही कमी नाहीत. पद्मसिंह पाटील आणि विजयकुमार गावित हे डॉक्टर होते. कामगारनेते दत्ता सामंत घाटकोपरला दवाखाना चालवत. दगडखाणीतले मजूर त्यांच्याकडे उपचाराला येत, आणि त्यातूनच ते कामगार चळवळीत ओढले गेले. विधान परिषदेच्या उपसभापती राहिलेल्या नीलम गोऱ्हे आयुर्वेदाच्या डॉक्टर. मृणाल गोरे यांनी मात्र वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून समाजकार्य पत्करले. १९७२ मध्ये त्या आमदार झाल्या, आणि गृहिणींच्या पाण्याच्या प्रश्नाने त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले.

कारखाना, दूधसंघ, कॉलेज

महाराष्ट्राचे वेगळेपण मात्र सहकारात आहे. १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रभर कारखाने, दूधसंघ, सूतगिरण्या आणि जिल्हा बँका उभ्या राहिल्या. इथे आधी व्यवसाय आणि मग राजकारण असा क्रम राहिला नाही, दोन्ही एकाच उंबऱ्याच्या आत आले. सोसायटीचा संचालक, मग पंचायत समिती, मग कारखान्याचा चेअरमन, मग आमदार ही पायवाट दोन पिढ्यांनी तुडवली. फारसे शालेय शिक्षण नसलेले वसंतदादा पाटील सांगलीच्या कारखान्याच्या बळावर उभे राहिले आणि मुख्यमंत्री झाले.

चेअरमन आमदाराच्या दारात सकाळी येणारी माणसे मतदार असतात तसेच सभासदही. कोणाच्या उसाची नोंद लागलेली नाही, कोणाच्या शेतात ऊसतोडीची टोळी पोचली नाही, कोणाचा ऊस तुरा येऊन वाळत चालला आहे. तोडीचा कार्यक्रम कोणाच्या वाट्याला कधी येणार हा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर ज्याच्या हातात त्याला मत न देणे अवघड. ‘साखरसम्राट’ हा शब्द यातून आला. वसंतदादांच्याच सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा त्याच्या जोडीला ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द रूढ झाला. पन्हाळ्याचे माजी आमदार डी. वाय. पाटील यांच्या संस्था त्यानंतर वाढल्या. पतंगराव कदम यांनी भारती विद्यापीठ त्याच्याही बरेच आधी, १९६४ मध्ये, काढले होते. या दोन शब्दांत आदर आणि राग दोन्ही आहे, आणि दोन्हीला कारण आहे. कोरडवाहू तालुक्यात पहिले कॉलेज याच माणसांनी उघडले, आणि ते कुटुंबाच्या ताब्यातही त्यांनीच ठेवले.

शहरातली आमदारकी वेगळ्या कामांतून वर आली. छगन भुजबळ भायखळ्याच्या बाजारात भाजी विकत, आणि अभियांत्रिकीची पदविकाही त्यांनी घेतली. मुंबई-ठाण्यात १९९० नंतर बांधकाम व्यावसायिकांची संख्या वाढली. मलबार हिलचे मंगलप्रभात लोढा आणि घाटकोपरचे पराग शहा ही त्यातली ठळक नावे.

हिणवणे आणि मिरवणे

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हा आमदारांचे जुने धंदे अचानक राज्यभर चर्चेत आले. एकनाथ शिंदे यांची रिक्षा, गुलाबराव पाटील यांची पानटपरी, संदीपान भुमरे यांची पैठणच्या साखर कारखान्यातली कामगाराची नोकरी, यांवरून टोमणे मारले गेले. उत्तरादाखल हेच धंदे अभिमानाने सांगितले गेले, आणि ‘रिक्षा की मर्सिडीज’ असा वाद काही आठवडे चालला. पक्ष कोणताही असो, कष्टाचे काम शिवीसारखे वापरणे राज्याने सहन केले नाही, ही त्या वर्षातली चांगली गोष्ट म्हणावी लागेल. मात्र रिक्षा चालवलेला माणूस सत्तेत आला म्हणजे रिक्षावाल्याचे परमिट, कर्जाचा हप्ता आणि म्हातारपण यांचा विचार आपोआप होतो असे नाही. तो विचार झाला की नाही, हे कायदे आणि अंदाजपत्रक वाचूनच ठरवावे लागते.

तसा विचार झाल्याची उदाहरणे आहेत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात झाला. त्याच तालुक्यातल्या अंजनी गावचे आर. आर. पाटील विद्यार्थिदशेत ‘कमवा आणि शिका’ करत, रोजगार हमीच्या कामावर जात शिकले. पुढे ते ग्रामविकास मंत्री झाले तेव्हा त्यांनी २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावकऱ्यांनी हातात खराटा घेऊन स्वतःचे गाव झाडायचे, आणि मंत्र्यानेही त्यात उतरायचे. ज्याने पाटी-फावडे उचलले आहे त्याला श्रमदानाचे बोलणे शोभते, आणि गावांनी ते मानले.

कायद्याच्या मर्यादा

आमदाराने धंदा करू नये असे कायदा म्हणत नाही, पण काही दारे बंद ठेवतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९१ प्रमाणे सरकारी ‘लाभाचे पद’ धारण करणारा अपात्र ठरतो, आणि सरकारी नोकराला लढायचे तर आधी नोकरी सोडावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९-अ प्रमाणे, ज्याचे राज्य सरकारशी मालपुरवठ्याचे किंवा बांधकामाचे कंत्राट चालू आहे तो विधिमंडळाचा सदस्य राहू शकत नाही. हे कलम फक्त त्या व्यक्तीपुरते असल्याने भाऊ किंवा मेहुणा यांच्या नावावरचे कंत्राट त्यात अडकत नाही, आणि नेमकी तिथेच ही तरतूद लंगडी पडते. मंत्र्यांसाठी आचारसंहिता अधिक कडक आहे. पद घेताना व्यवसायाच्या कारभाराशी संबंध तोडावा, असे तीत म्हटले आहे.

विधान परिषदेची रचना तर व्यवसायांचा विचार करूनच केली गेली. ३० सदस्य विधानसभेतून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून, ७ शिक्षकांतून, ७ पदवीधरांतून आणि १२ राज्यपालनियुक्त. शिक्षक मतदारसंघात मतदार शिक्षक असावा लागतो, उमेदवार मात्र शिक्षक असण्याची सक्ती नाही. नियुक्त १२ जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतील जाणकारांसाठी आहेत. कवी ग. दि. माडगूळकर याच मार्गाने आले. पळसखेडचे ना. धों. महानोर १९७८ मध्ये आले, तेव्हा कवितेबरोबर शेती आणि पाणी हा त्यांच्या आस्थेचा विषय सभागृहात बोलला गेला. अलीकडे या जागा पक्षातल्या कार्यकर्त्यांची सोय लावण्यासाठी वापरल्या जातात. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने पाठवलेली १२ नावांची यादी राज्यपालांकडे पडून राहिली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ७ जागा भरल्या गेल्या. एवढ्या काळात कवी, शास्त्रज्ञ किंवा चित्रकार यांच्याविषयी कोणी फारसे बोललेही नाही, याचे वाईट वाटते.

आमदारकीनंतर

राजकारण हाच पूर्णवेळ व्यवसाय असलेली पिढी आता मोठी आहे. देवेंद्र फडणवीस कायद्याचे पदवीधर, पण विशीतच नगरसेवक आणि २७ व्या वर्षी नागपूरचे महापौर झाले. अशांना परतायला दुसरे काम नसते. जुन्या पिढीत ते असे. माजी मंत्री बी. जे. खताळ-पाटील निवडणुकांपासून दूर झाल्यावर उतारवयात लेखनाकडे वळले. एन. डी. पाटील रयत शिक्षण संस्थेच्या कामात राहिले आणि ऐंशीच्या घरात असताना कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात रस्त्यावर उतरले. सांगोल्यातून ११ वेळा निवडून गेलेले गणपतराव देशमुख १९७२ आणि १९९५ मध्ये हरले होते. तालुक्यातली शेतकरी सहकारी सूतगिरणी हे त्यांच्या आयुष्यातले दुसरे मोठे काम, आणि आमदारकी असो वा नसो, दुष्काळी सांगोल्यातल्या कामगारांचा पगार त्या गिरणीच्या चात्यांवर अवलंबून होता.